कुत्रीच्या नाकाएवढा झरोका

बाबा, आज सकाळी मी कुंपणाच्या नव्याकोऱ्या तट्ट्याला भोक पाडून घेतलं. बांबूचं काम करणारी बाई तट्टे घेऊन आली तेव्हा त्यांना अजून ओल्या बांबूचा वास येत होता. रस्त्याच्या बाजूनं चार तट्टे उभे करून, मागून बल्ल्या ठोकून झाल्या आणि मी तिला म्हटलं, आता इथे खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, वहीएवढा चौकोन काप. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "मॅडम, नवा माल काहून फाडून राहिल्या तुमी?" कुत्र्याला बाहेरचं पाहता यावं म्हणून, असं सांगितल्यावर तिला हसू आलं नाही, उलट माझी कीवच आली असावी. साठी बुद्धी नाठी म्हणतात, त्यातला प्रकार वाटला असेल. पण तिनं कापलं, आणि तट्टा उसवू नये म्हणून चारी कडांना कामट्या बांधून दिल्या. मी हे कुठून शिकले ते तिला सांगितलं नाही. ज्यांना सांगायचं ते तुम्ही, आणि तुम्हाला जाऊन आता वीस-बावीस वर्षं झाली.

हा कुत्रा माझा नाही. लेकीची पुण्याला बदली झाली, तिथल्या घरमालकाला जनावर चालत नाही, म्हणून तिनं तो मोहाडीला माझ्याकडे आणून सोडला. पांढरा, केसाळ, मांजराहून थोडा मोठा, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला भिणारा. माझ्या घरावरून बाजाराचा रस्ता जातो. फटफटी गेली की हा पलंगाखाली, भोंगा वाजला की पलंगाखाली, भाजीवाल्यानं हाळी दिली की पलंगाखाली. मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, मोकळा सोडला तर येणारा-जाणारा थांबून त्याला पाहतो, पोरं खडे मारतात, आणि हा भुंकून भुंकून शेवटी ओकतो. लेक रोज व्हिडिओ कॉल करते. त्यानं खाल्लं का, त्याला उन्हात ठेवू नको, फोन जरा खाली धर ना आई, तो दिसत नाही. मी फोन खाली धरते. माझे गुडघे कसे आहेत हे तिनं दिवाळीपासून विचारलेलं नाही. परवा असाच फोन खाली धरून वाकले होते आणि माझ्या पोटात दुखलं. ते दुखणं मी लगेच ओळखलं. ते गुडघ्यांचं नव्हतं आणि आजचंही नव्हतं, ते आंधळगावचं होतं.

आंधळगावला तुम्ही जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतात. बैलांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, सुई टोचताना शिंगं धरायची. तुमच्या शर्टाला कायम लाल औषधाचे डाग असायचे आणि आई ते घासून घासून दमायची. औषधाच्या कपाटाची किल्ली मात्र तुमच्याजवळ असायची. डॉक्टर बदलून जायचे, नवे यायचे, किल्ली तुमच्याकडेच. रुमालाच्या कोपऱ्यात गाठ मारून ठेवायचात आणि जेवतानाही तो रुमाल मांडीवर असायचा. वस्तीत तुमच्या शब्दाला मान होता तो नोकरीमुळे कमी आणि त्या किल्लीमुळे जास्त, असं आई म्हणायची, थोडं चेष्टेनं आणि पुष्कळशा अभिमानानं.

मी दहावीला होते. घरात चूल पेटली की धूर, म्हणून मी वाचायला मागे सांदवाडीत जामाच्या झाडाखाली चटई टाकायचे. आपण ज्याला जाम म्हणतो त्याला बाकीचं जग पेरू म्हणतं हे मला पुढे डी.एड.ला गेल्यावर कळलं. वाडीला कुंपण असं नव्हतंच, चार काटक्या रोवलेल्या. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतून माणसं यायची, सायकलीवर, बैलबंडीत, पायी, आणि प्रत्येक जण मान वळवून पाहायचा. कोणी वाईट बोलायचं नाही. नुसतं पाहायचे. एकदा तुम्ही हात धूत होतात तेव्हा मी धीर करून म्हटलं, रस्त्याच्या बाजूनं एक तट्टा बांधून द्या, एकच. तुम्ही ओरडला नाहीत. हात पुसत पुसत म्हणालात, "आपले आजे-पंजे गावाबाहेर, लोकाईच्या नजरेआड जगले. आता आपण नजरेआड कायले बसायचं? तू पुस्तक वाचून राहिली, चोरी नाही करून राहिली. पाहू दे लोकाईले, याची पोरगी वाचते म्हणून." मला त्या वेळी छाती भरून आली, खोटं नाही सांगत. विहारातल्या भाषणात शोभावं असं ते बोलणं मी मैत्रिणींनाही ऐकवलं. पण दुसऱ्या दिवशी चटईवर बसले तेव्हा ओढणी डोक्यापर्यंत घेतली होती, आणि एकही गणित सुटलं नाही.

आणि दिवाळी झाल्यावर तुम्ही तिला घरी आणलंत. साधी गावठी, तांबडी कुत्री. कोणीतरी तिला दवाखान्यात आणून टाकली होती, मागचा पाय बंडीच्या चाकाखाली आलेला. पाय तुम्हीच बांधलात. तो वाकडा का होईना जुळला, पण न्यायला कोणी आलं नाही. आपल्या घरी आली ती माणसाच्या पायांचा आवाज ऐकला तरी थरथरत होती. तीन दिवस तुम्ही नुसतं पाहिलंत. चौथ्या दिवशी रविवार होता, तुम्ही सायकलला लादून तट्टे आणलेत, दोन खेपा केल्यात, आणि संध्याकाळपर्यंत रस्त्याची अख्खी बाजू बंद करून टाकलीत. टोकाला एक छोटं फाटकही केलंत, सायकल काढण्यापुरतं. मी एकच तट्टा मागितला होता, बाबा. जेवताना मी विचारलं, आता नजरेआड कोण बसणार? तुम्ही वरणात भात कालवत होतात. "तुले समजते, बाई," तुम्ही म्हणालात. "तिले नाही समजत, कोन पाह्यते अन् कोन मारते." झालं. ज्याला समजतं त्यानं उघड्यावर बसायचं आणि ज्याला समजत नाही त्याला तट्टा, असा न्याय. मग मी समजूतदार होऊन काय मिळवलं, हे मी पुढे कितीतरी दिवस स्वतःशी घोळवत होते.

त्यानंतरचं तर मला अजूनही समोर घडल्यासारखं दिसतं. संध्याकाळ आहे, तुम्ही चुलीतली राख घमेल्यात घेऊन वाडीभर पसरताय. सकाळी उठून, दात घासायच्या आधी, उकिडवे बसून त्या राखेतले पंजे पाहताय. आठ दिवस हेच. बाकीचे लोक आधी वाफे घालतात आणि मग जनावर त्यातून गेलं की काठी घेऊन धावतात. तुम्ही तिला आधी चालू दिलंत, कुठून जाते, कुठं वळते, कुठं थांबते ते राखेवर वाचून घेतलंत, आणि ती पायवाट सोडून मग दोन्ही बाजूंना वाफे केलेत. झेंडू, मोगरा, थोडी कोथिंबीर. वाटेवर नाल्याची वाळू टाकलीत, पाय भाजू नयेत म्हणून. एका कोपऱ्यात हरळी वाढू दिलीत, पोट बिघडलं तर खाईल म्हणून. दुसऱ्या कोपऱ्यात खड्डा करून भुसभुशीत रेती भरलीत, उकरायची हौस फिटावी म्हणून, आणि त्यात भाकरीचा तुकडा पुरून ठेवायला लागलात, तिनं शोधावा म्हणून. पाण्याची परात जामाच्या झाडाखाली रुतवलीत. माझी चटई असायची तिथेच. आणि माझी कण्हेर उपटलीत. शाळेतून फांदी आणून मी ती लावली होती आणि त्याच वर्षी तिला पहिल्यांदा गुलाबी फुलं आली होती. तुम्ही मुळासकट काढलीत, पडलेलं पान न् पान वेचलंत, "जहर आहे, चावलं तं जाईन ते" म्हणालात. दोन वर्षं मी त्या कण्हेरीच्या शेजारी बसत होते. मी चावेन अशी भीती तुम्हाला कधी वाटली नव्हती.

मला राग येत होता असं मी तेव्हा म्हणायचे. तो राग नव्हता, हेवा होता. मी त्या लंगड्या जनावराला पाण्यात पाहत होते. तुम्ही तिचं नाव ठेवलं नाहीत, तिला बाई म्हणायला लागलात. मला म्हणायचात तेच. दवाखान्यातून येऊन सायकल टेकवून तुम्ही हाक मारायचात, "बाई, कुठं आहे?" आणि मी चुलीपाशी मान वर करायचे. मग शेपटीचा फटफट आवाज यायचा आणि मला कळायचं की हाक मला नव्हती. आई एकदा म्हणाली, "मुक्या जनावराचा का हेवा करते, पोरी?" मुक्यांनाच मागावं लागत नाही, हे तिला कसं सांगणार होते? तुम्ही मला दोनदा सांगितलंत की आता वाडीत बसायला काही हरकत नाही, रस्त्याची बाजू बंद झाली आहे, बस ना. मी बसले नाही. धुरात डोळे चोळत आत वाचत राहिले. तिच्यासाठी केलेल्या जागेत उरलेल्या कोपऱ्यात बसायला मी काय पाहुणी होते?

तरीही तिचं एक राहिलं होतं. सगळं झालं तरी ती तट्ट्याखालची माती उकरून नाक बाहेर काढायची. तुम्ही विचार केलात आणि आईला म्हणालात की हिला लपायचंही आहे आणि पाहायचंही आहे. मग तुम्ही तिच्या नाकाच्या उंचीवर तट्ट्यात तो झरोका कापलात. तेव्हापासून ती तिथे तासन्‌तास बसायची, कान उभे करून, न थरथरता. एका दुपारी घरात कोणी नसताना मी गुडघ्यांवर बसले आणि त्या झरोक्याला डोळा लावला. रस्त्यावरून पाय जात होते, चाकं जात होती, एक म्हातारी डोक्यावरची टोपली खाली ठेवून पदरानं तोंड पुसत होती. मी तिला पाहत होते आणि ती मला पाहत नव्हती. जन्मात पहिल्यांदा मी रस्ता पाहिला आणि रस्त्यानं मला पाहिलं नाही. किती वेळ बसले कोण जाणे. मागे कुत्री येऊन उभी राहिली होती, आपल्या जागेवरून मी उठेन म्हणून वाट पाहत. मी उठले, आणि त्या दिवशी ती मला जास्तच सलली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आई बाजारात गेली होती, तुम्ही दवाखान्यात. रस्ता वाहत होता. मी उठले, फाटकाची कडी काढली, फाटक पार मागे लोटलं आणि घरात जाऊन बसले. तिला हाकललं नाही, जा म्हणाले नाही. नुसतं उघडलं. पुढे वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की नुसतं उघडलं. दाराच्या फटीतून पाहत होते. ती उठली, लंगडत फाटकापर्यंत आली, उंबऱ्याशी थांबली, बाहेरचा वास घेतला. एक बंडी गेली. मग ती वळली आणि तुम्ही घातलेल्या वाळूच्या वाटेवरून, एकाही वाफ्याला पाय न लावता, परत जाऊन रेतीच्या खड्ड्यात बसली. तिला जायचंच नव्हतं, बाबा. जाण्यासारखं बाहेर काही नाही आणि राहण्यासारखं आत सगळं आहे, हे त्या न समजणाऱ्या जनावराला समजलं होतं. माझा इतका जळफळाट झाला की मी आतच बसून राहिले. फाटक लावायचं सुचलं नाही की मुद्दाम लावलं नाही, ते आज सांगता येत नाही.

पाच वाजता तुम्ही आलात. सताड उघडं फाटक पाहून सायकल तशीच आडवी पडू दिलीत आणि आत धावलात. कुत्री जागेवर होती. तुम्ही तिच्याजवळ खाली बसलात, तिच्या पाठीवरून हात फिरवलात, आणि मग कडी लावणाऱ्या आपल्या हाताकडे पाहत राहिलात. आई तेवढ्यात बाजारातून आली, ती म्हणाली, तुम्ही कडी लावायला कधी विसरत नाही. तुम्ही मला विचारलंत, "बाई, तू तं नाही उघडलं?" मी म्हणाले, "नाही. सकाळी तुमीच तं गेले तिकडून." माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. तुम्ही लगेच मानलंत. संशयसुद्धा घेतला नाहीत. "मंग मीच विसरलो," म्हणालात, आणि त्या रात्री जेवण अर्धं टाकलंत.

तिथून सुरू झालं. तुम्ही कडीवर तार बांधायला लागलात. अर्ध्या रस्त्यातून सायकल वळवून फाटक पाहायला परत यायला लागलात. मग चूल विझली का, घागर झाकली का, सायकलला कुलूप घातलं का. एके दिवशी दवाखान्यातून घरी येऊन परत गेलात, कपाट उघडं राहिलं असेल म्हणून. ते बंदच होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलात. आणि एका संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात तेव्हा मांडीवर रुमाल होता आणि त्याला गाठ नव्हती. आईनं विचारलं तर म्हणालात की डॉक्टरांना किल्ली देऊन टाकली. "औषधाचं काम आहे. फाटक उघडं राह्यलं तं कुत्रं जाते, कपाट उघडं राह्यलं तं मानसाच्या जिवावर बेतते. माहा आता भरवसा नाही." तुम्ही पन्नाशीही गाठली नव्हती. आई पदर तोंडाला लावून आत गेली. मी वाढत होते. वरणाचा डाव माझ्या हातात होता आणि मी तुम्हाला वरण वाढलं.

तुम्ही काही विसरला नव्हतात. ते फाटक मी उघडलं होतं. कुत्री म्हातारी होऊन मेली, तुम्ही तिला जामाखाली पुरलंत, तट्टे कुजले, तिथे विटांची भिंत आली, माझं लग्न झालं, आणि तरी शेवटच्या आजारपणात खाटेवरून तुम्ही विचारत होतात, फाटक लागलं का. मी म्हणायचे, लागलं. तेव्हा तरी सांगता आलं असतं. तुम्हाला ऐकू येत होतं.

आता तुमच्या पद्धतीनं इथली वाडी तयार होते आहे. चूल नाही, म्हणून शेजारणीकडून राख मागून आणली आणि पसरली. या पांढऱ्या साहेबांची पायवाट सरळ नाही, चकलीसारखी आहे, पण वाफे तिला धरूनच घातले. रेतीचा खड्डा केला. अंगणातली कण्हेर काढली. तीही मीच लावली होती, आंधळगावसारखीच. काढताना पुन्हा पोटात दुखलं, हसू नका. आणि बांबूवाली बाई पहिलं भोक पाडून कोयता आवरायला लागली तेव्हा मी तिला थांबवलं आणि दुसरं पाडायला सांगितलं, माझ्या खुर्चीत बसल्यावर डोळे येतात त्या उंचीला. तिनं या वेळी काही विचारलं नाही. आज बाजाराचा दिवस आहे. खालच्या झरोक्याशी तो बसला आहे, अजून एकदाही भुंकला नाही, आणि वरच्या झरोक्याशी बसून मी हे लिहिते आहे. इथल्याही फाटकाची कडी मी दोनदा जाऊन पाहून आले.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, तेव्हा राहिलेलंही लिहून टाकते. किल्ली दिलीत त्या संध्याकाळी सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मला माराची भीती नव्हती, तुम्ही मला कधी मारलंच नाहीत. पण फाटकाच्या त्या दिवसापासून तुम्ही रोज सकाळी सायकल रस्त्यावर उभी करून मागे वळायचात आणि हाक मारायचात, "बाई, पाहून सांग बरं, फाटक लागलं का?" मी हातातलं टाकून धावत जायचे, कडी हलवून पाहायचे, लागलं म्हणायचे, आणि मग तुमचा चेहरा सैल व्हायचा. त्या एका कडीसाठी तुमचा स्वतःवर विश्वास नव्हता आणि माझ्यावर होता. कुत्रीसुद्धा त्या हाकेला मान वर करायची, पण ती हाक मला होती. खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून ती बंद झाली असती. म्हणून मी सांगितलं नाही.